कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत थोर क्वार्टरबॅक कोण? वेगवेगळ्या काळांतले खेळाडू तोलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चर्चा नेमकी कुठल्या फुटबॉलची?

अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलची. चेंडू लांबट, मैदान शंभर यार्डांचं आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. आजच्या खेळात जवळजवळ प्रत्येक डाऊनला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि तो फेकायचा, दुसऱ्याकडे द्यायचा की घेऊन पळायचं हे तो ठरवतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं मिशिगन, टेक्सस, ओहायो स्टेटमध्ये शिकायला गेली की शनिवारी हा वाद घरात शिरतोच. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला तो समजायला जड नाही. झाकलेल्या आणि उघड्या खेळपट्ट्यांवरच्या धावा एकाच तागडीत तोलता येत नाहीत, हे आपल्याला आधीच पटलेलं असतं.

दोघांचे हंगामातले आकडे शेजारी ठेवले तर काय बिघडतं?

पहिली गफलत सामन्यांच्या संख्येत होते. १९६० च्या दशकात संघाचे साधारण १० सामने असत. १९७० पासून अकरावा सामना खेळायची मुभा मिळाली आणि २००६ पासून बारावा कायमचा झाला. त्यावर कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या गटाची, अंतिम लढत, हंगामानंतरचे खास सामने म्हणजे बाउल, आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा प्लेऑफ. चांगला संघ आज सहज १५ सामने खेळतो.

टचडाऊन पासचं, म्हणजे ज्या फेकीवर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार जाऊन गुण मिळतात तिचं, उदाहरण घ्या. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) जो बरोने २०१९ मध्ये ६० दिले, वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने २०२१ मध्ये ६२ आणि ह्यूस्टनच्या डेव्हिड क्लिंगलरने १९९० मध्ये ५४. म्हणजे या तिघांत क्लिंगलर तिसरा. पण क्लिंगलरचे सामने ११, बरोचे १५ आणि झॅपीचे १४. दर सामन्यामागे क्लिंगलर ४.९, झॅपी ४.४, बरो ४.०. क्रम बदलला.

इथेही थांबू नका. क्लिंगलरच्या ५४ पैकी ११ टचडाऊन एकाच सामन्यातले आहेत, तेही खालच्या विभागातल्या ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्ध. ह्यूस्टनने तो सामना ८४-२१ असा जिंकला होता. तो वगळला तर १० सामन्यांत ४३, म्हणजे ४.३. झॅपीच्या किंचित खाली, बरोच्या अजूनही वर. मात्र एकाचा दुबळा सामना वगळला तर दुसऱ्याचाही तसाच सामना वगळायला हवा. ही शिस्त लोक हमखास विसरतात.

नियमांतल्या कोणत्या बदलांचा परिणाम सगळ्यात जास्त होतो?

घड्याळाचा. १९६८ पासून कॉलेजमध्ये प्रत्येक फर्स्ट डाऊननंतर, म्हणजे दहा यार्ड पूर्ण करून नवे चार प्रयत्न मिळाले की, घड्याळ थोडा वेळ थांबायचं, त्यामुळे सामन्यात खेळी जास्त व्हायच्या. २०२३ पासून दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटं सोडली तर ते चालूच राहतं. म्हणून २०२३ नंतरच्या क्वार्टरबॅकला दर सामन्यात मिळणाऱ्या संधी थोड्या कमी आहेत.

दुसरा बदल मैदानावरच्या खुणांचा, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. मागची खेळी कडेला संपली की पुढची हॅश मार्कवरून सुरू होते. १९९३ पर्यंत या दोन रांगांमध्ये ५३ फूट ४ इंच अंतर होतं, म्हणजे मैदानाचे बरोबर तीन सारखे भाग पडायचे. १९९३ मध्ये ते ४० फुटांवर आणलं. चेंडू मधल्या भागाच्या जवळ आला, आक्रमणाला दोन्ही बाजूंना जागा मिळाली आणि बचावाला एक बाजू सोडून देता येईना. त्याआधीचा क्वार्टरबॅक कितीतरी खेळी अरुंद कडेला चिकटून खेळत होता.

तिसरा बदल माराचा. डोक्यावर ठरवून आदळण्याविरुद्धचा टार्गेटिंगचा नियम २००८ मध्ये आला आणि २०१३ पासून त्यासाठी खेळाडूला थेट बाहेर काढलं जातं. आज रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, मैदानाच्या मधोमध निर्धास्त धावतो, तो पूर्वी तसा धावत नसे. आणि १९९६ पासूनचा जादा वेळ. त्यात चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्ड रेषेवरून मिळतो आणि तिथले टचडाऊन अधिकृत आकड्यांत धरले जातात.

बाउल सामन्यांचे आकडे धरायचे की नाही?

धरायचे, पण वेगळ्या रकान्यात. राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, बाउलचे आकडे हंगामाच्या आणि कारकिर्दीच्या बेरजेत २००२ पासूनच घ्यायला सुरुवात केली. त्याआधीच्यांचे अजूनही बाहेरच आहेत.

नुकसान किती, ते ब्रिगम यंग विद्यापीठाच्या जिम मॅकमॅहनवरून कळतं. १९८० च्या हॉलिडे बाउलमध्ये सदर्न मेथडिस्टविरुद्ध त्याचा संघ शेवटची चारेक मिनिटं उरली असताना २५-४५ असा मागे होता. वेळ संपता संपता त्याने ४१ यार्डांचा उंच पास टाकला, गर्दीतून क्ले ब्राउनने तो झेलला आणि सामना ४६-४५ असा जिंकला. त्या संध्याकाळचा एकही यार्ड त्याच्या अधिकृत हंगामात नाही. नेब्रास्काच्या टॉमी फ्रेझरने २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बाउलमध्ये पळून काढलेले १९९ यार्डही तसेच बेरजेबाहेर. आजच्या खेळाडूचे मात्र प्लेऑफसकट सगळे सामने आत. तेव्हा दोघांचे नियमित हंगामाचे आकडे एकीकडे, बाउल-प्लेऑफ दुसरीकडे, अशी मांडणी करूनच बोलावं.

पासिंग रेटिंग कसं काढतात? हाताने काढता येतं का?

येतं, पाच मिनिटांत. पाच आकडे लागतात: फेकी, पूर्ण झालेले पास, यार्ड, टचडाऊन, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास). यार्डांना ८.४ ने गुणा, टचडाऊनला ३३० ने, पूर्ण पासांना १०० ने. तिघांची बेरीज करा. इंटरसेप्शनला २०० ने गुणून ते वजा करा. जे उरेल त्याला फेकींनी भागा.

बरो, २०१९: ५२७ फेकी, ४०२ पूर्ण, ५,६७१ यार्ड, ६० टचडाऊन, ६ इंटरसेप्शन.
४७,६३६.४ अधिक १९,८०० अधिक ४०,२०० वजा १,२०० म्हणजे १,०६,४३६.४. भागिले ५२७. उत्तर २०२.०.

हे सूत्र १९७९ मध्ये स्वीकारलं गेलं आणि १९६५ ते १९७८ या काळातली सरासरी १०० यावी अशा बेताने बसवलं गेलं. त्यामुळे १९७० च्या सुमारास १०० म्हणजे मधला, ठीकठाक क्वार्टरबॅक. आज १०० असलेल्याची जागा जाते. एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, रेटिंग वेगळं, त्याची वरची मर्यादा १५८.३. दोन्ही एकत्र करून बोललात तर वाद तिथेच हरलात.

मग रेटिंगवर विसंबून राहावं का?

एकट्या रेटिंगवर मुळीच नाही. तिसऱ्या डाऊनला १२ यार्ड हवे असताना क्वार्टरबॅकने ५ यार्डांचा सोपा पास पूर्ण केला, तर त्या फेकीचे गुण १४२ होतात: यार्डांचे ४२ आणि पूर्ण झाल्याचे १००. प्रत्यक्षात पुढच्या डाऊनला संघ चेंडू लाथाडून देतो. म्हणजे निष्फळ खेळीनेही सरासरी वाढते. आखूड पासांवर चालणाऱ्या आजच्या पद्धतींना हे सूत्र फार मानवतं. शिवाय सॅक (फेकायच्या आत क्वार्टरबॅकला मागेच पाडणं), धाव आणि हातातून निसटलेला चेंडू, यांतलं काहीच त्यात नाही.

आणि ओझं किती उचललं हेही त्याला दिसत नाही. ब्रिगम यंगच्या टाय डेटमरने १९९० मध्ये ५६२ फेकींत ५,१८८ यार्ड, ४१ टचडाऊन आणि २८ इंटरसेप्शन दिले. रेटिंग १५५.९. फ्रेझरने १९९५ मध्ये १६३ फेकींत १,३६२ यार्ड, १७ टचडाऊन आणि ४ इंटरसेप्शन. रेटिंग १५६.१. रेटिंगने विचारलं तर दोघे जुळे भाऊ. पण डेटमरचा प्रत्येक सामना त्याच्या उजव्या हातावर टांगलेला होता आणि समोरच्या बचावाला ते आधीपासून माहीत होतं. फ्रेझर फेकायचा तेव्हा बचाव धाव रोखायला पुढे सरसावलेला असायचा आणि रिसीव्हर मोकळा सापडायचा. फ्रेझरच्या फेकी संघाच्या ११ सामन्यांनी भागल्या तर १४.८ येतात. रेटिंगच्या राष्ट्रीय यादीची नेहमीची अट दर सामन्याला १५ फेकींची, म्हणजे त्या यादीत तो बसतच नाही!

क्वार्टरबॅकच्या धावांचे यार्ड इतके कमी का दिसतात?

कारण कॉलेजमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावांतून वजा होतात. एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात. समजा, एकाने १० वेळा पळून ६० यार्ड काढले आणि चारदा सॅक होऊन ३० यार्ड गमावले. कॉलेजच्या वहीत नोंद होईल १४ धावा, ३० यार्ड. दर धावेला सहा यार्ड काढणारा खेळाडू कागदावर दोनच यार्ड काढणारा दिसतो.

सॅकचे आकडे मिळत असतील तर ते परत मिळवा आणि मगच तुलना करा. न मिळाल्यास निदान इतकं ध्यानात ठेवा, की ऑबर्नच्या कॅम न्यूटनचे २०१० मधले १,४७३ यार्ड किंवा टेक्ससच्या व्हिन्स यंगचे २००५ मधले १,०५० यार्ड हे ही वजावट होऊन उरलेले आहेत.

काळाचा फरक काढून टाकायची सोपी रीत कोणती?

खेळाडूला आधी त्याच्याच हंगामातल्या इतरांशी ताडून पाहा, मग दुसऱ्या काळाकडे वळा. आमचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

त्या हंगामात पुरेशा फेकी असलेल्या सगळ्यांची यादी घ्या. रेटिंगप्रमाणे लावा आणि मधोमध येणारा आकडा धरा. तुमचा खेळाडू त्याच्यापेक्षा किती वर आहे ते एका रकान्यात लिहा आणि दुसऱ्या क्रमांकापासून किती लांब आहे ते शेजारच्या रकान्यात. दोन काळांतले हे फरक एकमेकांशी ताडा, मूळ रेटिंग नको. यार्ड आणि टचडाऊन दर सामन्यामागे काढून तीच रीत वापरता येते.

इतका खटाटोप करायचा नसेल तर विक्रम किती वर्षं टिकला ते पाहा. ही कसोटी ढोबळ आहे, पण फारशी फसवत नाही. १९६४ मध्ये तल्साच्या जेरी रोमने १० सामन्यांत ३२ टचडाऊन आणि अवघे ४ इंटरसेप्शन दिले. आजच्या सूत्राने रेटिंग १७२.६. सरासरी १०० असलेल्या काळात! मॅकमॅहनने १९८० मध्ये ४७ टचडाऊन देऊन १७६.९ गाठलं. ते मोडायला १५ वर्षं लागली. फ्लोरिडाच्या डॅनी वर्फलने १९९५ मध्ये १७८.४ केलं. पुढे शिडी भराभर चढत गेली: हवाईच्या कोल्ट ब्रेननचे २००६ मध्ये १८६.०, विस्कॉन्सिनच्या रसेल विल्सनचे २०११ मध्ये १९१.८, २०१९ मध्ये बरोचे २०२.०, पुढच्याच वर्षी अलाबामाच्या मॅक जोन्सचे २०३.१ आणि २०२३ मध्ये एलएसयूच्या जेडन डॅनियल्सचे २०८.०. बरोचा आकडा एका वर्षात मागे पडला, मॅकमॅहनचा १५ वर्षं कुणाला हलला नाही. रोम आणि मॅकमॅहन यांची नावं पहिल्या दहांच्या गप्पांत येत नाहीत याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

१९४० च्या आधीचे क्वार्टरबॅक कसे मोजायचे?

आधी खात्री करा की तुम्ही योग्य माणूस पाहताय. सिंगल विंग रचनेत चेंडू थेट टेलबॅककडे जायचा. फेकायचं, पळायचं, लाथ मारायची, सगळं तोच करायचा आणि क्वार्टरबॅक नाव असलेला खेळाडू बहुतेक वेळा पुढे राहून वाट मोकळी करून द्यायचा. टेक्सस ख्रिश्चनचे सॅमी बॉ आणि १९३८ चा हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवणारा डेव्ही ओब्रायन यांच्याकडे या नजरेने पाहायला हवं. क्लार्क शॉनेसी यांनी १९४० मध्ये स्टॅनफर्डला टी रचना खेळवली, फ्रँकी अल्बर्ट चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या लगेच मागे उभा राहिला, संघ सगळे सामने जिंकला आणि आजचा क्वार्टरबॅक घडायला लागला.

दुसरी अडचण म्हणजे हेच खेळाडू बचावातही उतरायचे. बदली खेळाडूंवरच्या बंधनांमुळे १९५३ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतही तेच चाललं. नोत्र दामच्या जॉनी लुजॅकची सर्वांत गाजलेली खेळी पास नाही, टॅकल आहे. १९४६ मध्ये यांकी स्टेडियमवर आर्मीचा डॉक ब्लँचर्ड मोकळा सुटला होता. लुजॅकने त्याला एकट्याने गाठून पाडलं आणि सामना ०-० सुटला. ही खेळी कुठल्या रकान्यात टाकणार?

पॉल हॉर्नंगचं १९५६ चं वर्ष तर रेटिंगवाल्यांना चक्रावून टाकतं. ३ टचडाऊन पास, १३ इंटरसेप्शन, संघाचे दोन विजय आणि आठ पराभव. तरी हाइझमन त्यालाच मिळाला. तो पळत होता, फेकत होता, बचाव करत होता, लाथही मारत होता. मतदारांनी अष्टपैलू खेळाडू पाहिला. आजच्या सूत्राने त्याचं रेटिंग १०८.० भरतं आणि त्यातून त्याच्या खेळाचा जेमतेम एक तुकडा दिसतो.

ऑप्शन खेळणाऱ्यांचे पासिंगचे आकडे तुटपुंजे असतात. ते या यादीत बसतात का?

नक्कीच बसतात. एमरी बेलार्ड यांनी १९६८ मध्ये टेक्ससला विशबोन ही ऑप्शनची रचना दिली. त्या रचनेत क्वार्टरबॅकला धावता धावता बचावपटू वाचून क्षणात ठरवावं लागायचं: चेंडू फुलबॅकच्या पोटाशी सोडायचा, स्वतः ठेवायचा की बाहेर हाफबॅकला टाकायचा. निर्णय अर्धा सेकंद चुकला की चेंडू जमिनीवर. ही कसोटी पासपेक्षा हलकी मुळीच नाही. टेक्ससचा जेम्स स्ट्रीट सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून २० पैकी २० सामने जिंकला. १९६९ मध्ये आर्कन्साविरुद्ध चौथ्या डाऊनला ३ यार्ड हवे असताना त्यानेच ४४ यार्डांचा पास टाकला आणि संघ १५-१४ असा जिंकला.

अशा खेळाडूंचं मोजमाप करताना पास आणि धाव मिळून झालेल्या एकूण खेळी, दर खेळीचे यार्ड, एकूण टचडाऊन आणि गमावलेले चेंडू घ्या. फ्रेझरच्या १९९५ च्या १७ पास टचडाऊनला धावांचे १४ जोडले की चित्र पालटतं.

त्याची ७५ यार्डांची धाव मात्र पाहायलाच हवी, आकड्यांत ती मावत नाही. फिएस्टा बाउलचा तिसरा क्वार्टर संपत आलेला. तो उजवीकडे ऑप्शन घेतो, चेंडू स्वतःकडेच ठेवतो आणि फ्लोरिडाच्या घोळक्यात शिरतो. एकामागून एक हात लागतात, वेग जवळजवळ थांबतो, पण पाय चालूच राहतात. मग तो एकदम मोकळा होतो आणि कडेने सरळ टचडाऊनपर्यंत जातो. नेब्रास्का ६२, फ्लोरिडा २४. समोर त्या वर्षी रेटिंगचा विक्रम करणारा वर्फल होता.

"तो नुसता सिस्टिमचा क्वार्टरबॅक" हा आरोप कितपत खरा?

अर्धा खरा, आणि तो सगळ्यांनाच लागू पडतो. ह्यूस्टनच्या रन अँड शूट या पासवर चालणाऱ्या पद्धतीत आंद्रे वेअरने १९८९ मध्ये ४६ टचडाऊन दिले आणि पुढच्या वर्षी त्याच जागी आलेल्या क्लिंगलरने ५४. पद्धतीचा वाटा मोठा आहे हे तिथेच दिसतं. एखाद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या क्वार्टरबॅकने त्याच प्रशिक्षकाकडे किती केलं ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

बरोचं उदाहरण बोलकं आहे. २०१८ मध्ये एलएसयूत त्याचं रेटिंग १३३.२, टचडाऊन पास १६. २०१९ मध्ये तोच खेळाडू, तेच विद्यापीठ, रेटिंग २०२.०. मधल्या काळात पासिंगचे प्रशिक्षक जो ब्रेडी आले, खेळ मैदानभर पसरला आणि जमार चेस, जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर बहरले. पण नकाशा मिळाला म्हणून कुणी आपोआप मुक्कामाला पोचत नाही. त्या वर्षी एलएसयूने सामन्याच्या वेळी पहिल्या दहांत असलेले सात संघ हरवले आणि १५ पैकी १५ सामने जिंकले. ओक्लाहोमाविरुद्ध प्लेऑफमध्ये पहिल्या अर्धातच बरोचे सात टचडाऊन पास झाले होते. पद्धतीचं श्रेय द्या, पण खेळाडूचं काढून घेऊन नको.

विजयांची संख्या निर्णायक मानावी का?

नाही. मायामीच्या केन डॉर्सीचे विजय ३८ आणि पराभव २, पण त्याच्या २००१ च्या संघातले ३८ खेळाडू पुढे एनएफएलच्या निवडीत गेले, त्यातले १७ पहिल्या फेरीत. बॉइसी स्टेटचा केलन मूर ५० जिंकून ३ हरला आणि ते तीन पराभव मिळून पाच गुणांचे. मात्र त्याच्या बऱ्याच लढती दुबळ्या कॉन्फरन्समधल्या होत्या. उलट स्टॅनफर्डचा जॉन एल्वे चार वर्षांत एकही बाउल खेळला नाही, आणि त्याला सामान्य म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही.

कारकिर्दीचे विक्रम कसे वाचावे?

आधी किती हंगाम मिळाले ते मोजा. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. नेव्हीच्या रॉजर स्टॉबॅकला तीनच हंगाम मिळाले. बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने चार हंगामांत १०,५७९ यार्ड केले, डेटमरने चारांत १५,०३१. ह्यूस्टनच्या केस कीनमचे १९,२१७ यार्ड पाच हंगामांतले आहेत, आणि त्यातला एक दुखापतीमुळे तीन सामन्यांतच आटोपला.

२०२० चा कोविड हंगाम पात्रतेतून वगळला गेला आणि २०२१ पासून विद्यापीठ बदललं तरी लगेच खेळता येऊ लागलं. डिलन गॅब्रिएल २०१९ ते २०२४ असे सहा हंगाम तीन विद्यापीठांकडून खेळला. म्हणून कारकीर्द ताडताना प्रत्येकाचे सर्वोत्तम तीन हंगाम घ्या. स्टॉबॅकलाही न्याय मिळतो आणि कीनमलाही.

जास्त हाइझमन, जास्त थोर?

मतपत्रिकेवर तीन नावं लिहायची असतात आणि त्यांना तीन, दोन, एक असे गुण मिळतात. मतदान बाउलच्या आधी संपतं. व्हिन्स यंगचा रोझ बाउल, फ्रेझरचा फिएस्टा बाउल मतदारांनी पाहिलेलेच नव्हते आणि दोघेही दुसरे आले. रोम १९६४ मध्ये नोत्र दामच्या जॉन ह्युआर्टच्या मागे थोडक्या गुणांनी राहिला. रोमचे ३२ टचडाऊन, ह्युआर्टचे १६. मोठ्या नावाच्या विद्यापीठाचा फायदा हा असा असतो.

एनएफएलमधलं यश धरावं का?

अजिबात नाही. पुढे एनएफएलमध्ये गाजलेला टॉम ब्रेडी मिशिगनमध्ये शेवटच्या वर्षीही जागा वाटून घेत होता आणि २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. फ्लोरिडा स्टेटचा चार्ली वॉर्ड १९९३ चा हाइझमन आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवून बास्केटबॉल खेळायला न्यूयॉर्क निक्सकडे गेला. फ्रेझर एनएफएलमध्ये खेळलाच नाही. कॉलेजच्या मोजमापात वॉर्ड आणि फ्रेझर ब्रेडीच्या कितीतरी वर आहेत.

जुन्या यादीत कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक इतके कमी का?

कारण त्यांना खेळू दिलं जात नव्हतं. दक्षिणेतली कित्येक विद्यापीठं त्यांना संघात घेतच नसत आणि इतरत्रही त्यांना दुसऱ्या जागी हलवत. मिनेसोटाचा सँडी स्टीव्हन्स १९६० च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक होता आणि १९६१ मध्ये सर्वमान्य ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तमांच्या संघात, ठरलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये सुरुवातीलाच उतरणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक टेनेसीचा कॉन्ड्रेज हॉलोवे, १९७२ मध्ये. हाइझमन मिळायला १९८९ उजाडलं, आंद्रे वेअरपर्यंत. ग्रॅम्ब्लिंगचा डग विल्यम्स १९७७ मध्ये मतदानात चौथा आला, यावरून कल्पना करा की ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांत किती गुणवत्ता राष्ट्रीय नजरेबाहेर राहिली असेल. १९६० च्या आधीच्या कुठल्याही "सर्वश्रेष्ठ" खेळाडूपुढे हा प्रश्न ठेवावाच लागतो: त्याची स्पर्धा कुणाकुणाशी होऊ दिली नव्हती?

एका सामन्यावरून थोरवी ठरते का?

ठरत नाही, पण बरोबरी झाली तर पारडं झुकतं. फ्लूटीचा २३ नोव्हेंबर १९८४ चा मायामीविरुद्धचा ४८ यार्डांचा अखेरचा पास सगळ्यांना ठाऊक आहे: ४७-४५, झेल जेरार्ड फेलनचा. त्याच सामन्यात फ्लूटीने एकूण ४७२ यार्ड फेकले होते, हे मात्र लोक विसरतात. तो पास नसता तरी तो हंगाम मोठाच होता.

शेवटी तुमची निवड कोण?

प्रश्न तोडून विचारा. फेकण्याचा एक हंगाम: बरो २०१९, कारण त्याने आकडे सर्वांत अवघड सामन्यांत काढले. त्याच्या काळाच्या सर्वांत पुढे असलेला हंगाम: मॅकमॅहन १९८०. एकट्याच्या खांद्यावर संघ वाहिलेला हंगाम: न्यूटन २०१०. ३० पास टचडाऊन, २० धावांचे, १४ पैकी १४ विजय. कारकीर्द: इथे आमच्यातच दोन तट आहेत. काही जण फ्लोरिडाच्या टिम टीबोच्या बाजूने आहेत. त्याने २००७ मध्ये ३२ पास आणि २३ धावांचे टचडाऊन केले आणि २००८ चं विजेतेपद आणलं. बाकीचे फ्रेझरच्या बाजूने.

एका रात्रीसाठी मात्र एकच नाव येतं. ४ जानेवारी २००६, रोझ बाउल, टेक्सस पाच गुणांनी मागे, चौथा डाऊन, ५ यार्ड हवेत. व्हिन्स यंग फेकायला मागे जातो, कुणी मोकळं दिसत नाही, उजवीकडे वळतो आणि ८ यार्ड पळत कोपऱ्यात पोचतो. घड्याळात १९ सेकंद. त्या रात्री २६७ यार्ड फेकून आणि २०० पळून. टेक्सस ४१, सदर्न कॅलिफोर्निया ३८.

स्वतःचा तक्ता करायचा असेल तर कोणते रकाने ठेवावे?

वर्ष, विद्यापीठ, सामने, फेकी, पूर्ण, यार्ड, टचडाऊन, इंटरसेप्शन, धावा, धावांचे यार्ड, धावांचे टचडाऊन, सॅक मिळाल्यास सॅक, आणि बाउलसाठी हेच सगळं वेगळं. त्यानंतर तीन हिशेबाचे रकाने: रेटिंग, त्या हंगामाच्या मधल्या आकड्यापासूनचा फरक, आणि एकूण टचडाऊन दर सामन्यामागे. रचनेसाठी एक रकाना जरूर ठेवा: सिंगल विंग, टी, विशबोन, रन अँड शूट, एअर रेड, स्प्रेड. दोन खेळाडू एकाच रचनेतले असतील तेव्हा थेट तुलना सर्वांत भरवशाची, म्हणून सुरुवात तिथून करा: स्ट्रीट आणि ओक्लाहोमाचा जमेल हॉलिवे, वेअर आणि क्लिंगलर, टीबो आणि न्यूटन.